हात आपले, उसळी चेंडूची

लॅडी कुबेनासमोर 'नशीब' हा शब्द काढायची लिपनिकमध्ये कुणाची छाती होत नसे. चर्चमध्ये फादर काढायचे, तेही जरा चाचरत. कारण तो शब्द कानावर पडला, की लॅडी हातातलं काम खाली ठेवायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि विचारायचा, "नशीब म्हणजे कुठपर्यंत नशीब? आणि कुठून पुढे माणसाचं काम? रेघ कुठे मारतोस, ते सांग." समोरचा बिचारा फक्त इतकंच म्हणालेला असायचा, की नशीब, आज दुकानात सॉसेज शिल्लक होतं.

लॅडी शाळेत पोरांना सुतारकाम शिकवायचा. आणि एकोणीस वर्षं तो लिपनिकच्या फुटबॉल संघाच्या बचावाचा कोच होता. फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, लांबट चेंडू काखेत धरून पळायचा. त्या काळात मुख्य कोच चार आले नि गेले, पण लॅडी तिथेच. ठेंगणा, रुंद, कानाच्या पाळीत कायम लाकडाचा भुसा. डाव्या हाताची तर्जनी रंधायंत्रानं अर्धी खाल्लेली. पोरं त्याच्या माघारी म्हणायची, "कोचनं बोट पाडलं, आणि उचललं मात्र समोरच्या संघानं." हे लॅडीच्याही कानावर गेलं होतं. त्याला आवडलं होतं. कारण त्यात पाडणं आणि उचलणं ही दोन कामं वेगळी धरली होती, आणि लॅडीचं आयुष्यभराचं भांडण नेमकं एवढ्याचसाठी होतं.

ते भांडण सुरू झालं एकोणीसशे एकोणसत्तर साली. तेव्हा लॅडी सतरा वर्षांचा होता आणि लिपनिकसाठी चेंडू घेऊन पळायचा. शेजारच्या जिल्ह्यातल्या शाळेशी शेवटचा, निर्णायक सामना होता. चार मिनिटं उरलेली, लिपनिक पुढे, चेंडू लॅडीच्या काखेत. आता फक्त वेळ काढायचा. तेवढ्यात मागून एक काडीपैलवान पोरगा आला आणि त्यानं खालून चेंडूच्या टोकावर अशी बुक्की मारली, की चेंडू काखेतून कारंज्यासारखा वर उडाला. त्यांनी तो झेलला, सामना फिरला. लिपनिक हरलं.

गावानं लॅडीला बोल लावला नाही. उलट जो भेटेल तो पाठीवर हात ठेवायचा. "नशीब रे पोरा. दुसरं काय." आईनं खसखशीचं सारण घालून गोड पाव भाजला. लॅडीच्या घशाखाली उतरला नाही.

दोन आठवड्यांनी गुरांच्या बाजारात तोच काडीपैलवान भेटला. क्लॅरेन्स त्याचं नाव. लॅडीनं विचारलं, "कसं काय जमलं रे तुला?" क्लॅरेन्स लाजत म्हणाला, "तुझे तीन सामने मी कुंपणाला टेकून पाहिले. डावीकडे वळताना तुझं कोपर बाहेर येतं. मग महिनाभर आमच्या गोठ्यात पिठाचं पोतं टांगलं आणि त्याला खालून बुक्क्या मारल्या. दाखवू हात?" त्याच्या बोटांच्या पेरांवर खपल्या धरल्या होत्या.

लॅडी घरी आला तो संतापून. क्लॅरेन्सवर नाही, गावावर. एका पोरानं महिनाभर हात सोलून घेतले आणि गावानं ते सगळं नशिबाच्या पदरात टाकलं! बरं, आपलं कोपर तीन सामने बाहेर येत होतं, तेही कुणी सांगितलं नाही. त्याची मेहनतही खाल्ली आणि आपली चूकही. एका शब्दात दोन्ही गडप.

लॅडी कोच झाला तेव्हा त्यानं पहिली गोष्ट केली ती ही, की शाळेच्या सुतारशाळेत एक लाकडी माणूस बनवला. कमरेपासून वर धड, त्याला एक हात, हाताला चामड्याची गादी आणि काखेत चेंडू. आत जाळीच्या दाराची जुनी स्प्रिंग अशी बसवली होती, की चेंडू ओढा, हिसडा, लोंबकळा, काही केल्या सुटायचा नाही. मागून, खालून, बरोबर टोकावर बुक्की बसली तरच हात उघडायचा. पोरांनी त्याचं नाव ठेवलं कंजूष काका. बचावातल्या प्रत्येक गड्यानं रोज दोनशे वेळा कंजूष काकाच्या काखेतून चेंडू काढायचा, मग घरी जायचं. पाऊस असो, परीक्षा असो, प्रेयसी फाटकापाशी उभी असो.

आणि त्याच पोरांना लॅडी दुसरी गोष्टही सांगायचा. "चेंडू पाडणं तुमच्या हातात. पडल्यावर तो तुमच्या हातात नाही. गोल असता तर गोष्ट वेगळी होती. हा दोन्हीकडून टोकदार. जमिनीला टेकला की कुठे उडेल हे त्यालाच ठाऊक नसतं. त्यावर झेप घ्या, जीव टाका, पण अर्धे आपले नि अर्धे त्यांचे, हे धरून चाला. म्हणून जास्त पाडा."

पंच्याण्णव साली रँडल टॉलिव्हर मुख्य कोच असताना लिपनिकनं कहर केला. तेरा सामन्यांत पोरांनी सव्वीस वेळा चेंडू पाडला आणि त्यातले एकवीस उचलले. शिवाय फेकलेले चेंडू मधेच झेलले ते वेगळे. संघ राज्याच्या शेवटच्या आठांत पोचला. लिपनिकच्या पोरांना चेंडूचा वास येतो म्हणे, असं दूरदूरच्या गावांत बोललं जाऊ लागलं.

टॉलिव्हर उंच, देखणा, केसांची घडी वाऱ्यातही न मोडणारा. पुढच्या उन्हाळ्यात कोच लोकांच्या मोठ्या मेळाव्यात त्याचं व्याख्यान झालं, 'चेंडू हिसकावण्याचं शास्त्र'. जाताना त्यानं कंजूष काकाला गाडीत घातलं. मासिकात फोटो आला. टॉलिव्हर, त्याचा हात काकाच्या खांद्यावर, आणि खाली लिहिलेलं, 'कोच टॉलिव्हर यांचा कल्पक शोध'.

लॅडीची बायको जॉर्जीन शाळेची बस चालवायची. तिनं मासिक ताटाशेजारी आपटलं. "हा तुझा काका पळवला की रे त्यानं!"

"पळवू दे. आणखी चार शाळांतली पोरं तरी शिकतील."

"चेंडू पळवलेला तुला चालत नाही. काका पळवलेला चालतो?"

लॅडी हसला. तेव्हा तो हसू शकत होता.

ऑगस्टमध्ये संघाच्या पाठीराख्यांनी गावजेवण दिलं. मांस रात्रभर ओकच्या निखाऱ्यांवर भाजलेलं, बिअरची पिंपं फोडलेली. टॉलिव्हर बोलला, टाळ्या झाल्या. मग कुणीतरी ओरडलं, "लॅडीला बोलवा!" लॅडी उठला, टोपी हातात घेऊन म्हणाला, "पोरांनी सव्वीस पाडले, ते त्यांचं काम. लई घाम गाळलाय त्यांनी. पण सव्वीसातले एकवीस आपल्यालाच मिळाले, ते नशीब. दरवर्षी असं होत नसतं. पुढच्या वर्षी सव्वीसाचे तेरा झाले तर पोरांना शिव्या देऊ नका. एवढंच."

लोक हसले. काय विनयी माणूस आहे, म्हणाले. टॉलिव्हर हसला नाही. नंतर बिअरच्या पिंपाशी लॅडीला गाठून म्हणाला, "लॅडी, लोक जिंकायला आलेत, गणित शिकायला नाही. पुन्हा असलं बोलायचं नाही."

"खरं तेच बोललो, कोच."

"खरं घरी बोल."

शहाण्णव साली लॅडीनं पोरांना आणखी रगडलं. आणि पोरांनी सोनं केलं. दहा सामन्यांत एकतीस वेळा चेंडू पाडला! एकोणीस वर्षांत इतके कधी पडले नव्हते. आणि मिळाले किती? नऊ. चेंडू पडायचा आणि त्यांच्याच गड्याच्या छातीवर उडायचा. चेंडू पडायचा आणि घरंगळत रेषेबाहेर जायचा. एकदा तर चेंडू पडला, लिपनिकच्या दोन पोरांनी एकदम झेप घेतली, त्यांची डोकी एकमेकांवर आपटली आणि मधून चेंडू पाहुण्यांच्या पंचाहत्तर क्रमांकाच्या मांडीत जाऊन बसला. तो गडी तर बुटाची नाडी बांधायला खाली वाकला होता.

दहातले सहा सामने हरले. शुक्रवारच्या सामन्याला प्रेक्षकांतून ओरडा यायला लागला. "गेल्या वर्षीचे हात कुठे ठेवले रे?" "लॅडी, पोरांच्या हातांना लोणी लावलंस का?"

लॅडी आणि जॉर्जीन रविवारी घरी सामन्याच्या फिती लावून बसायचे. चित्र थांबवायचं, मागे घ्यायचं, पुन्हा बघायचं. "हा बघ हात," लॅडी म्हणायचा. "अगदी पुस्तकातला हात. टोकावर बसलाय. यात काय चुकलं, सांग."

"काही नाही चुकलं," जॉर्जीन म्हणायची. "मला सांगून काय उपयोग? शाळेच्या मंडळात मी मतदान करत नाही."

लॅडीचे सासरे आल्फोन्स खालुपका ऐंशीला आलेले. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या दिवाणखान्यात तारोकीचा पत्त्यांचा डाव बसायचा, त्यातले ते जुने मुरब्बी. नोव्हेंबरातल्या एका रविवारी म्हाताऱ्याला दुपारभर भिकार पानं आली. एकही डाव जिंकता आला नाही. पण उठताना टेबलावरचे तिघं म्हणाले, "आल्फोन्स, आज सगळ्यांत चांगला तूच खेळलास बाबा. असल्या पानांवर दुसरा नागवा होऊन घरी गेला असता."

लॅडी मागे उभा होता. त्यानं टेबलावर मूठ आपटली, कॉफी सांडली. "ऐकलंत? ऐकलंत का तुम्ही स्वतः काय बोललात ते? वाटलेली पानं वेगळी आणि खेळणं वेगळं, हे इथे बरोबर कळतं तुम्हाला! मग शुक्रवारी मैदानावर कुठे जाते ही अक्कल?"

आल्फोन्सनं पत्ते पिसत शांतपणे म्हटलं, "अरे लॅडी, इथे ते स्वतः खेळतात. तिथे तू खेळतोस."

थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या सोमवारी शाळेच्या मंडळाची बैठक होती. सात जणांचं मंडळ, मधोमध अध्यक्ष विल्बर्ट ओर्साक, गुरांच्या खाद्याचा व्यापारी. गावातली पन्नासेक माणसं मागच्या खुर्च्यांवर. लॅडी कोट घालून आला होता. त्याला वाटलं होतं, दोन-चार खोचक प्रश्न विचारतील, उत्तरं देऊ.

टॉलिव्हर आधी बोलला. "गेल्या वर्षी आम्ही एक शिस्त उभी केली. तिची फळं तुम्ही पाहिलीत. यंदा चेंडू आमच्या बाजूनं उसळला नाही. खेळात असं होतं."

ओर्साकनं मान डोलावली. "मग कोच, बदल कुठे करायचा म्हणता?"

"बचावात." टॉलिव्हरनं लॅडीकडे बघितलंदेखील नाही. "लॅडी माझा मित्र आहे. माणूस सोन्यासारखा. पण त्यानंच गावजेवणात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की गेल्या वर्षी जे झालं ते नशीब. तुम्ही सगळे होतात तिथे. ज्याचा स्वतःच्या शिकवण्यावर विश्वास नाही, त्याच्याकडून पोरांनी काय शिकायचं?"

बघा तर खरं, या माणसानं कशी वाटणी केली! जिंकलो ती टॉलिव्हरची शिस्त. हरलो ती टॉलिव्हरच्या चेंडूची उसळी. आणि लॅडीच्या ताटात नेमकं उलटं. जिंकलो ते लॅडीचं नशीब, हरलो तो लॅडीचा नाकर्तेपणा. एकाच पातेल्यातली भाजी. एकाला नुसत्या फोडी, दुसऱ्याला नुसतं करपलेलं. आणि वाढणारा पुन्हा म्हणतो, मित्र आहे.

तो उभा राहिला. "मी अर्धं म्हणालो होतो."

"अर्धं काय, लॅडी?" ओर्साकनं विचारलं.

"पडलेला चेंडू कुणाला मिळतो, ते नशीब. पाडणं नाही! गेल्या वर्षी पोरांनी सव्वीस पाडले, यंदा एकतीस. एकतीस, विल्बर्ट! घरी फिती आहेत, एकेक हात दाखवतो. पोरांनी यंदा काम जास्त केलंय. त्यांना नावं ठेवता आणि गेल्या वर्षीच्या पोरांचे फोटो लावता? लाज वाटायला हवी!"

"पण मिळाले किती?"

"नऊ."

"मग?" ओर्साक म्हणाला.

तो 'मग' लॅडीला जन्मभर विसरता आला नाही. त्यात दुष्टावा नव्हता. विल्बर्टला खरंच वाटत होतं, की बोलणं तिथे संपलं.

पाच विरुद्ध दोन मतांनी ठरलं, लॅडी सुतारकाम शिकवील, मैदानावर येणार नाही. माणसं खुर्च्या सरकवत उठली. जाताना तिघा-चौघांनी लॅडीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "नशीब, लॅडी." त्यांना वाटलं, आपण धीर देतोय.

दुसऱ्या दिवशी जॉर्जीननं मुख्याध्यापकांच्या टेबलावर संघाच्या बसची किल्ली ठेवली. पोरांना शाळेत नेईन-आणीन, म्हणाली, पण टॉलिव्हरला घेऊन मी एक मैल जाणार नाही. "त्याला चेंडू हिसकावण्याचं शास्त्र येतं ना? मग स्टेअरिंगही हिसकावू दे कुणाचं तरी." लॅडीनं कंजूष काका मागितला, तर तो शाळेची मालमत्ता आहे असं लेखी उत्तर आलं. सुतारशाळेतच बनवला होता, तेव्हा तेही खरंच होतं. असलं खरं लॅडीला खोट्यापेक्षा जास्त झोंबायचं.

सत्त्याण्णवचा मोसम लॅडीनं प्रेक्षकांत बसून काढला. जायचं नाही असं दर गुरुवारी ठरवायचा आणि शुक्रवारी जायचा. खाली खेळणारी निम्मी पोरं त्यानं घडवलेली होती. बचावाला नवा कोच आला होता, तरुण, गळ्यात शिट्टी, तोंडात घोषणा. दोनशे बुक्क्या बंद झाल्या होत्या. पोरांनी वर्षभरात चेंडू पाडला तेरा वेळा. त्यातले अकरा मिळाले! संघानं सात सामने जिंकले. गावानं ठरवून टाकलं, हात पुन्हा चालायला लागले.

एका सामन्यात तर समोरच्या पळणाऱ्या गड्याच्या स्वतःच्याच गुडघ्यानं चेंडू उडाला, तिघांच्या अंगांवरून टप्पे खात गेला आणि लिपनिकचा एक लठ्ठ पोरगा उताणा पडला होता त्याच्या पोटावर स्थिरावला. पोरानं नुसती मिठी मारली. बँड वाजला, टोप्या उडाल्या. मागच्या बाकावरचा इसम लॅडीच्या खांद्यावर वाकून म्हणाला, "बघ, याला म्हणतात कोचिंग!"

लॅडी उभा राहिला आणि त्या सगळ्या जल्लोषात बेंबीच्या देठापासून ओरडला, "अरे, त्याला कुणी हातसुद्धा लावला नव्हता!"

लग्नात कुणी गळा काढावा तसे लोक त्याच्याकडे बघायला लागले. जॉर्जीननं त्याचं जाकीट धरून त्याला खाली बसवलं. त्याच आठवड्यात मांसाच्या दुकानात तो आत शिरताच बोलणं थांबलं. लॅडीचं डोकं फिरलंय, स्वतःचं गाव जिंकलेलं त्याला बघवत नाही, असं लोक म्हणू लागले. आणि ते थोडं खरं होतं, हेच लॅडीला सहन होईना. पोरं जिंकली की त्याच्या पोटात दुखायचं. आपल्याच पोरांच्या आनंदावर आपण जळतो, या विचारानं तो स्वतःवरही चिडायचा. टॉलिव्हरनं त्याच्याकडून मैदान नेलं ते नेलं, पोरांच्या जिंकण्याचा आनंदही नेला.

पुढच्या वसंतात एका शनिवारी लॅडी घरामागच्या शेडमध्ये खुर्चीचा पाय बसवत होता. दारात एक उंच काळा माणूस येऊन उभा राहिला, हातात फितींची पिशवी. केन ब्रँचचा मुख्य कोच एमॉस वेदरल. केन ब्रँच सतरा मैलांवर, नदीकाठच्या कापसाच्या पट्ट्यातलं गाव. शाळा लहान, पैसा कमी, आणि लिपनिकशी दरवर्षी सामना.

"मिस्टर कुबेना, शहाण्णव साली तुम्ही बैठकीत एकतीस म्हणालात, असं ऐकलं," वेदरल म्हणाला.

लॅडीनं हातोडा ठेवला. "म्हणालो. मग? तुम्हीही त्यावर हसायला आलात?"

"एकतीस नाहीत ते. तेहतीस आहेत."

"काय?"

"तुमच्या सगळ्या सामन्यांच्या फिती मी मिळवल्या. आमच्याविरुद्धचे दोन तुम्हाला दिसले नाहीत. खेळाडूंच्या ढिगाऱ्याखाली होते, तुमचा कॅमेरा पलीकडच्या बाजूला होता. आमच्या फितीत स्वच्छ दिसतात. माझ्या पळणाऱ्या गड्याच्या फासळीवर अजून डाग आहे."

लॅडीनं घाईघाईनं एक खुर्ची पुढे केली. ती तीन पायांची निघाली. दुसरी आणली. एकोणीस वर्षांत आपल्या गावातल्या एकानंही मोजले नव्हते, आणि ज्याच्याकडून हिसकावले तो मोजून घेऊन आला होता.

"किती मिळतील ते मी विचारत नाही," वेदरल बसत म्हणाला. "मला पाडणारा हवाय."

लॅडी केन ब्रँचच्या शाळेत सुतारकाम शिकवायला गेला आणि बचाव त्याच्या हाती आला. लिपनिकमध्ये त्याला फितूर म्हणाले. म्हणू देत. पेकनच्या लाकडाचा नवा काका त्यानं तीन शनिवारांत उभा केला. केन ब्रँचच्या पोरांनी त्याचं नाव ठेवलं डीकन, कारण चर्चमधली वर्गणी गोळा करणारा डीकनही कधी हात उघडत नाही म्हणे. वर्षभरात जॉर्जीनही तिथेच बस चालवायला लागली.

त्या पोरांत एक होता डेमेट्रिक सोवेल. हडकुळा, बोलायला लाजाळू, पण चेंडूमागे सुटला की ससाणा. दोनशे झाले तरी थांबायचा नाही. "कोच, अजून पन्नास मारू?" लॅडी म्हणायचा, "मार बाबा. डीकनला विचार, त्याची हरकत नसेल तर."

नव्याण्णवच्या ऑक्टोबरात केन ब्रँच लिपनिकला खेळायला आलं. शेवटचं मिनिट, केन ब्रँच तीन गुणांनी पुढे. लिपनिकचा पळणारा गडी फळी फोडून निघाला. पुढे मोकळं रान. सगळं स्टेडियम उभं. मागून डेमेट्रिक सुटला. शेवटच्या रेषेला दोन यार्ड असताना त्यानं अंग झोकून दिलं आणि खालून बुक्की घातली. बरोबर टोकावर. चेंडू निखळला.

आता नियम असा, की तो चेंडू शेवटची रेषा ओलांडून पलीकडच्या पट्टीतून बाहेर गेला असता, तर केन ब्रँचचा झाला असता आणि सामना तिथेच संपला असता. चेंडू कोपऱ्याकडे टप्पा घेत गेला. एक टप्पा, दुसरा. आणि रेषेच्या वीतभर अलीकडे बाजूनं बाहेर पडला. वीतभर! चेंडू लिपनिककडेच राहिला. पुढच्याच डावात त्यांनी तो रेषेपार नेला. केन ब्रँच हरलं.

टॉलिव्हर हात मिळवायला आला. "नशीब, लॅडी."

"हो, नशीबच," लॅडी म्हणाला. "पण मला नको सांगू. तुझ्या मंडळाला सांग. सोमवारी उभा राहा आणि सांग, आपण वीतभरानं वाचलो म्हणून. सांगशील?"

टॉलिव्हरनं हात काढून घेतला आणि तो आपल्या बँडकडे गेला.

डेमेट्रिक गवतावर बसून होता. "कोच, माझं काय चुकलं?"

"काहीही नाही."

"मग आपण—"

"डेमेट्रिक, काहीही चुकलेलं नाही. माझ्याकडे बघ. असा हात मी एकोणसत्तर सालानंतर पाहिला नव्हता. सोमवारी पुन्हा असाच मारायचा."

गुरुवारी लिपनिकचं साप्ताहिक आलं. पहिल्या पानावर होतं, 'अखेरच्या क्षणी आपल्या गड्याच्या हातून चेंडू निसटला, तरीही दैव बलवत्तर म्हणून विजय आपलाच झाला.' लॅडीनं न्याहारी तशीच टाकली आणि गाडी काढली.

साप्ताहिक चालवायच्या मिस अ‍ॅग्नेस मारेक. साठी उलटलेल्या, शाळेत त्यांनीच लॅडीला व्याकरण शिकवलेलं.

"मिस मारेक, 'निसटला' हे कुणी लिहिलं?"

"मी. का?"

"तुमच्या हातून बशी निसटली तर तुम्ही काय म्हणाल?"

"निसटली."

"आणि मी तुमच्या हातावर फटका मारून पाडली तर?"

मिस मारेकनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तर पाडली म्हणेन. आणि तुला बाहेर काढीन."

"मग ते छापा! एका पोरानं दोन मोसम रोज दोनशे वेळा हात सोलून घेतला, आणि तुम्ही एका क्रियापदात त्याला पुसून टाकलंत. तो चेंडू निसटला नाही, मॅडम. पाडला. आम्ही हरलो, ते छापा. मोठ्या अक्षरांत छापा. दैवाचंही छापा, दैवाचं होतंच ते. पण त्याच्या वाटचं त्याला द्या!"

मिस मारेकनी पेन्सिल उचलली. मग म्हणाल्या, "पंचवीस वर्षांत इथे चुका दाखवायला शेकडो लोक आले, लॅडी. एकूण एक स्वतःच्या नावासाठी. बस खाली. पोराचं नाव काय?"

पुढच्या गुरुवारी शेवटच्या पानावर, चर्चमधल्या कोंबडीच्या जेवणाच्या सूचनेखाली, दोन ओळी आल्या. 'गेल्या अंकात चेंडू निसटल्याचं छापलं होतं. तो केन ब्रँचच्या डेमेट्रियस सोवेल यानं पाडला होता. चुकीबद्दल दिलगीर आहोत.'

केन ब्रँचमध्ये डेमेट्रिकच्या आईनं ते कात्रण फ्रिजवर लावलं आणि पेनानं नाव दुरुस्त केलं. तिला तेवढं पुरलं.

लॅडीनं फोन उचलला.

"मिस मारेक? कुबेना बोलतोय. हो, वाचलं. नाही, मॅडम, झालं नाही अजून. पोराचं नाव डेमेट्रिक आहे."